म्हातारपणाची शिदोरी

(शिरोळ येथील प्रौढांच्या वर्गात दिलेले भाषण)



आपल्या शिरोळच्या शिवारात ऊस आहे. गळीत सुरू झाले की पुष्कळ घरांतला माणूस साखर कारखान्यात कामाला जातो. कोणी कायम असतो, कोणी हंगामी. अंगात बळ आहे तोवर काम होते. पुढे हातपाय थकतात. मग भाकरी कोठून यायची?

त्यासाठी पेन्शन आहे. पेन्शन म्हणजे दान नव्हे. ती आपलीच मागे ठेवलेली मजुरी आहे. कशी ते सांगतो.

कामगारांची ही पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ रोजी सुरू झाली. आपल्या पगारातून फंड कापतात. मालकही आपला हिस्सा घालतो. मालकाच्या हिश्शातून शंभर रुपये पगारामागे ८ रुपये ३३ पैसे पेन्शनकडे जातात. सरकार वर १ रुपया १६ पैसे घालते. हा हिशेब किती पगारावर धरायचा त्याला मर्यादा आहे. २०१४ साली ती महिना १५,००० रुपये ठरली.

दहा वर्षे नोकरी भरली की वयाच्या ५८ व्या वर्षी पेन्शन मिळते. किती मिळते? शेवटच्या पाच वर्षांचा सरासरी पगार घ्या. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणा. आलेल्या रकमेला ७० ने भागा. पगार १४,००० रुपये आणि नोकरी १५ वर्षे असेल, तर महिना ३,००० रुपये होतात. पाटीवर मांडून पाहा.

आता हंगामी कामगारांनी कान देऊन ऐकावे. हंगाम चार-पाच महिन्यांचाच असतो. पण पेन्शनसाठी तो एक पूर्ण वर्ष धरतात. दहा हंगाम म्हणजे दहा वर्षे!

हे ठाऊक नसले तर काय होते? माझ्या शेजारी एक आबा राहतात. त्यांनी एके ठिकाणी आठ हंगाम काम केले. काम सुटले तेव्हा कोणीतरी कागद पुढे केला. म्हणाला, "अंगठा द्या, पैसे मिळतील." आबांनी अंगठा दिला. थोडे पैसे आले आणि खर्चून गेले. पुढे दुसरीकडे त्यांनी पाच हंगाम केले. साठी झाल्यावर ते माझ्याकडे आले. "गुरुजी, माझी पेन्शन बघा की."

मी कागद वाचले. पैसे उचलल्यामुळे पहिले आठ हंगाम पुसले गेले होते. पाचच उरले होते. पैसे न उचलता आबांनी स्कीम सर्टिफिकेट मागितले असते, तर आठ आणि पाच मिळून तेरा झाले असते.

आबा म्हणाले, "म्हंजे मला काईच न्हाई?"

मला उत्तर देता येईना. अंगठा दिला तेव्हा त्यांचा मुलगा माझ्याच शाळेत होता. आबांना कागद दाखवायची लाज वाटली. मीही कधी चौकशी केली नाही. त्याची रुखरुख मला आजही आहे. म्हणून हे बोलतो आहे.

आता अंगठ्याच्या जागी मोबाईलवर आकडे येतात. ते आकडे परक्याला सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणे होय.

घरातील बायांनीही ऐकावे. पेन्शन घेणारा धनी वारला, तर त्याच्या पत्नीला निम्मी पेन्शन मिळते. त्यासाठी तिचे नाव फंडाच्या कागदावर बरोबर असले पाहिजे. तसेच पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा. नाहीतर जिवंतपणीच पेन्शन थांबते. बँकेत, टपाल कचेरीत किंवा पोस्टमनकडून घरीही तो देता येतो.

२०१४ साली पेन्शन कमीत कमी १,००० रुपये ठरली. महागाई वाढली, पण पुढली दहा वर्षे तो आकडा हलला नाही. म्हणून बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरात म्हातारी माणसे साखळी उपोषणाला बसली. ७,५०० रुपये पेन्शन, महागाई भत्ता आणि नवराबायकोला फुकट औषधपाणी, असे त्यांचे मागणे होते.

औषधपाण्याचे मागणे काही जगावेगळे नाही. चंद्रपूर आणि वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. तेथील कामगारांची छाती धुळीने भरते. त्यांच्या फंडाचा कायदा १९४८ चा आणि पेन्शन योजना १९९८ ची. सरकारी खाणीतून निवृत्त झालेल्यांसाठी आणि त्यांच्या जोडीदारासाठी औषधोपचाराची योजनाही आहे. ती कामगार संघटनांशी झालेल्या करारातून आली. एकट्याचे कोण ऐकतो? दहाजणांचे ऐकावे लागते.

शेवटी एक गोष्ट. २०१९ च्या महापुरात आपल्या तालुक्यात पुष्कळांचे कागद भिजले. फंडाचा नंबर, नोकरीचे दाखले, बँकेचे पुस्तक हे सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंच जागी ठेवा. फंडाचा नंबर पोरांच्या वहीतही लिहून ठेवा.

आणि उद्या वर्गाला येताना आपापले कागद घेऊन या. आबाही येणार आहेत. आपण मिळून वाचू.