ओळ कुणी तोडली?



  वर्षभराचा आढावा छापील अहवालात आहे, तो वाचून तुमचं जेवण लांबवत नाही. खरं तर आढाव्याचं टिपण मी करून आणलं होतं. सकाळचा परिसंवाद ऐकला आणि ते पर्समध्ये परत ठेवलं.

परिसंवादात आपल्या मराठीच्या शिक्षकांचे दोन तट पडले. एक म्हणतो, मुलांनी प्रश्न विचारत, शोधत भाषा शिकावी. दुसरा म्हणतो, साठ मुलांचा वर्ग, एवढीशी तासिका, पोर्शन संपवायचा कधी? 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द शाळांच्या भिंतींवर ऐसपैस रंगवलेला मी पाहिला. भिंतीच्या आत क्वचित भेटला. असो. मला एका मुलीबद्दल बोलायचंय. बरीच वर्षं बोलायचंय.

माण तालुक्यातली शाळा, नववीचा वर्ग. बहिणाबाई चौधरी शिकवत होते. नेहमीची माहिती सांगितली. लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने उतरवून घेतली. 1951 मध्ये त्या गेल्या, 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. “बाई, त्यांना लिहायला येत नव्हतं, मग ओळ कुठं तोडायची ते कुणी ठरवलं?”

मी म्हटलं, “हे परीक्षेला नाही. बस खाली.”

ती बसली. दहावी होईपर्यंत तिने मला काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तो प्रश्न मी माझा म्हणून वर्गात नेला. चोरीच ती. एका मुलाच्या आजीला ओव्या येत होत्या, तर निम्मा वर्ग तिच्या ओसरीवर. आजी म्हणाली, “जात्याबिगर याद न्हाई येत गं.” जात्याची वरची तळी रांजणाखाली गेलेली. ती काढली, धुतली, नवा खुंटा ठोकला. रिकाम्या जात्यावर आजी गायली. तीच ओवी दुसऱ्यांदा गायली तेव्हा मध्येच एक ‘गं बाई’ वाढलं होतं. पोरांनी उतरवली, आणि भांडणं सुरू. एक म्हणे, जात्याचा फेरा पुरा झाला की ओळ संपली. दुसरी म्हणे, आजीचा दम संपतो तिथे. तिसऱ्याला यमक हवं होतं. ‘गं बाई’ लिहायचं की गाळायचं, यावर तर दोन मैत्रिणींचा अबोला झाला. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्यापुढेही हाच पेच आला असणार, हे मला त्या ओसरीवर कळलं. बी.एड.ला नाही कळलं.

दोन तासिका गेल्या. पोर्शन जानेवारीत संपला, दरवर्षीसारखाच. दुसऱ्या तटाला माझं एवढंच उत्तर आहे.

त्याच आठवड्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी टाचणवही उघडून विचारलं, “हे जातं कुठल्या घटकात येतं?”

आता मुद्द्याची चीड सांगते. दहावीला कृतिपत्रिका आली, तिच्यात ‘स्वमत’ आलं. वाटलं, चला, आता पोरांना स्वतःचं बोलायला जागा झाली. नियामक म्हणून बसले होते तेव्हा एका गठ्ठ्यात ओळीने चाळीसेक मुलांचं स्वमत एकच निघालं. शब्दशः. गाईडमधली छपाईची चूकसुद्धा चाळिसांनी जपली होती. आणि मंडळी, ते गाईड लिहिणारे आपल्यातलेच असतात. वर्गात ‘स्वमत लिहून घ्या’ असं म्हणत ते सांगणारेही आपणच. उत्तर आधी फळ्यावर आणि प्रश्न मागाहून, अशी आपली शोधपद्धती.

2019 च्या दहावीच्या परीक्षेला भाषांच्या तोंडीचे 20 गुण काढले. निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला, केवढा गदारोळ झाला, आणि ते गुण परत आले. मीही तेव्हा निवेदनावर सही केली. पण त्या तोंडी परीक्षेत आपण विचारतो काय, हे एकाही निवेदनात नव्हतं. मूल आपल्याला काही विचारतं का, हे तर लांबच.

तेव्हा एक सुचवते. प्रत्येक शाळेने मुलांच्या प्रश्नांची एक वही ठेवावी. कुणी तपासायची, गुण द्यायचे की नाही, ते कार्यकारिणीने बघावं. प्रशिक्षणाचंही काही करायला हवं. त्यावर पुन्हा कधीतरी.

त्या ओसरीवरच्या वह्यांपैकी एका मुलाची माझ्याकडे राहिली आहे. त्या मुलाने ओळ तोडलीच नाही. पान संपलं तसा समासात उभा लिहीत गेला, वरच्या कोपऱ्यापर्यंत. खाली माझा लाल शाईचा शेरा आहे, ‘नीट लिही.’ वही आज सोबत आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत यावं.