रिकामी गाडी कुणालाही आवडते

(संघाच्या वार्षिक सभेत वाहन खरेदी समितीतल्या ताईंनी केलेलं भाषण. आणखी दोन ग्रामसंघ या वर्षी पिकअप घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून जसं बोलल्या तसं छापत आहोत.)

 

मला सांगितलंय की गाडी घेताना काय बघायचं ते बोला. मी काही मेकॅनिक नाही. मला गाडी चालवता पण येत नाही. पण गाडी घेताना आम्ही एकदा फसता फसता वाचलो, आणि दुसऱ्यांदा नीट बघून घेतली. दोन्ही वेळची गोष्ट सांगते.

तुम्हाला माहीतच आहे, आपला माल दोन ठिकाणी जातो. टोमॅटो नारायणगावला, आणि बाकीचा भाजीपाला ओतूरवरून माळशेज घाट उतरून कल्याणला. भाड्याची गाडी होती तेव्हा गाडीवाल्याच्या मर्जीवर सगळं. एकदा ऐन तोड्याच्या दिवशी गाडी आलीच नाही. साठ क्रेट भरून शेडात ठेवलेले, दुसऱ्या दिवशी निम्म्या दरात गेले. त्या रात्री ठरलं की आपली गाडी पाहिजे. चौदा गटांनी वर्गणी काढली, बाकीचं बँकेचं कर्ज. म्हणजे त्या गाडीत तुमच्या आठवड्याच्या बचतीचे पैसे आहेत. हे डोक्यात ठेवून ऐका.

पहिल्यांदा आम्ही पाचजणी शोरूमला गेलो. सोबत दोघींचे कारभारी होते. विक्री करणारा मुलगा पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या दोघांशीच बोलला. किल्लीसुद्धा त्यांच्याच हातात दिली. पैसे आमचे, सह्या आमच्या, आणि गाडी दाखवतोय कारभाऱ्यांना! आम्हीही गप्प बसलो, ही आमची चूक. हायवेच्या सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर गेलो आणि आलो. गाडी रिकामी, काचा बंद, एसी चालू, गाणं लावलेलं. कुणाला आवडणार नाही? तिथंच अकरा हजार रुपये बुकिंग भरलं आणि पेढे घेऊन घरी आलो.

माझे दीर वीस वर्षं ट्रक चालवायचे. पेढा खाल्ला आणि म्हणाले, "वहिनी, गाडी रिकामीच पळवणार का?" बस, एवढंच विचारलं. मला रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी शोरूमला फोन केला, म्हणलं माल भरून चालवून दाखवा. ते म्हणाले, तशी पद्धत नाही. मग बुकिंग परत द्या. तर म्हणे ते परत मिळत नाही. पावतीवर तसं काही लिहिलेलं नव्हतं, आणि परत देऊ असंही लिहिलेलं नव्हतं. अडीच महिने चकरा मारल्या तेव्हा पैसे मिळाले. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: गाडी चालवून बघायच्या आधी एक रुपयाही भरायचा नाही. आणि भरला तर "रद्द केल्यास रक्कम परत" असं पावतीवर लिहून, शिक्का मारून घ्यायचं.

आता दुसऱ्या वेळचं सांगते. या वेळी घरीच बसून आधी हिशोब केला. एका क्रेटमध्ये साधारण २० किलो टोमॅटो, क्रेटचं वजन धरून २२ किलो. साठ क्रेट म्हणजे १,३२० किलो. जाहिरातीत "एक टन, दीड टन" असं मोठ्या अक्षरात असतं, त्यावर जाऊ नका. गाडीच्या कागदावर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि मालासकट जास्तीत जास्त किती चालेल ते. एकातून दुसरं वजा करा. त्यातून केबिनमधल्या माणसांचं वजन काढा. वरून लोखंडी सांगाडा किंवा जाळी बसवणार असाल तर तेही काढा, ते वजन काही थोडं नसतं. जे उरलं तो तुमचा माल. आमच्या हिशोबात छोटा हत्ती बसलाच नाही, मोठी पिकअप लागली. पण ज्यांचा माल तीस क्रेटच्या आत आहे त्यांनी उगाच मोठी गाडी घेऊन हप्ता वाढवू नये. आणि "थोडं जास्त भरलं तर काय होतंय" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. जादा वजनाला कायद्यात २०,००० रुपयांपासून पुढे दंड आहे, आणि घाटात काय होतं ते पुढे सांगतेच.

मग तीन शोरूमना सांगितलं, आमच्या गावात गाडी आणा, माल आमचा, रस्ता आमचा, चालवणार आमची पोरगी. दोघं तयार झाले. चालवणारी म्हणजे आमच्याच गटातल्या एका आक्कांची सून. तिच्याकडे कारचं लायसन होतं. तेव्हा कुणीतरी म्हणालं की पिवळ्या पाटीच्या गाडीला वेगळं लायसन लागतं. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिलाय की हलक्या मोटार वाहनाचं लायसन असेल तर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं. आपल्या पिकअपचं वजन त्याच्या निम्म्यातच येतं. हे सगळ्या पोरींना सांगा.

गाडी सकाळी थंडच असताना बघायची. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर समजायचं की आधीच चालू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या झटक्यात चालू होतं का, धूर कसा निघतो, आवाज किती वेळात बसतो, हे तेव्हाच कळतं.

मग पोरीला बसवलं. ती पाच फुटाच्या आतली. एका गाडीत सीट पूर्ण पुढे घेतली तरी क्लच तळापर्यंत दाबायला तिला कंबर उचलावी लागत होती. विक्रेता म्हणाला, सवय होईल. अहो, रोज शंभर वेळा कंबर उचलायची सवय होत नसते, कंबर जाते! दुसऱ्या गाडीत पाय नीट पोचला. चढायची पायरी पण बघा. साडीवर चढता आलं पाहिजे, ड्रेस घालणारी एकटीच नसते, माल विकायला सोबत जाणारी आक्का पण असते. ड्रायव्हरच्या जागेवर बसून आरशात मागचा फाळका दिसतो का, गाडीच्या डाव्या अंगाला बसलेलं पोर दिसतं का तेही बघा. आम्ही खरंच एका पोराला चाकाजवळ उकिडवं बसवून बघितलं. दिसलं नाही. दोन्ही गाड्यांत दिसलं नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे की गाडी हलवायच्या आधी एकीनं चक्कर मारून बघायचं.

हौद्याची उंची मोजायला कुणी सांगत नाही, कारण माल भरायला विक्रेत्याला लागत नाही. आपल्याला लागतं. पहाटे चार वाजता साठ क्रेट उचलायचे. हौदा कमरेला असेल तर क्रेट सरकवता येतो, छातीला आला तर दोघींनी उचलावा लागतो. आम्ही शेडातलाच क्रेट नेऊन ठेवून बघितला. लांबी रुंदी पण क्रेटनेच मोजली, एका थरात किती बसतात ते. चाकाच्या वरचा फुगवटा हौद्यात आला असेल तर तिथला क्रेट वाकडा बसतो. उलट बाजू पण आहे. हौदा फार खाली असलेल्या गाडीची चाकं लहान, आणि पावसाळ्यात आपल्या पाणंद रस्त्यावर खालून घासते. आमची पाणंद चिखलाची, म्हणून आम्ही थोडी उंच गाडी पत्करली आणि शेडात मातीचा ओटा करून घेतला. तुमची वाट डांबरी असेल तर खालचा हौदाच घ्या.

आता मुख्य गोष्ट. माल भरून आळेफाट्यावरून बेल्ह्याला आणि पुढे आणे घाट चढलो. विक्रेत्याचा माणूस सारखं "ताई, पिकअप बघा, खेच बघा" म्हणत होता. खेच बघायचीच. घाटाच्या मध्यावर, मागे गाडी नाही असं बघून, कडेला थांबवायची, हँडब्रेक लावायचा आणि पुन्हा उचलायची. मागे किती सरकते? क्लचचा जळका वास येतो का? एक गाडी दोन वेळा बंद पडली आणि तिसऱ्यांदा वास मारत निघाली. तीच गाडी सपाटीवर नुसती लोण्यासारखी चालली होती.

पण मी दिरांना घेऊन गेले होते. ते म्हणाले, खेच सोडा, तुमचा माल उतरतो कुठं? आणि खरंच की! आपल्याकडून कल्याणला जाताना भरलेली गाडी माळशेज घाट उतरते. चढताना येते ती रिकामी. म्हणजे आपल्याला खेचीपेक्षा ब्रेक महत्त्वाचे. हे आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. पाय ब्रेकवर न ठेवता इंजिन गाडीला किती धरून ठेवतं ते बघायचं. इंजिनने धरलं नाही तर सारखा ब्रेक दाबावा लागतो, ब्रेक तापतात आणि तापले की पकड सुटते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे आपल्या गावात आहेत, त्यांच्या हातात गाडी देऊच नका. खाली सपाटीला आल्यावर मोकळ्या जागी ब्रेक जोरात दाबून बघितला. एका गाडीचं स्टिअरिंग डावीकडे ओढलं गेलं. विक्रेता म्हणाला, हवा कमी असेल. हवा मोजली, बरोबर होती. ती गाडी तिथंच बाद.

अजून एक गंमत. आम्ही सगळा माल फाळक्याकडे भरला होता, कारण तिकडून चढवला. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, पोरगी म्हणाली पुढची चाकं रस्त्याला लागतच नाहीत असं वाटतंय. दिरांनी गाडी थांबवून क्रेट केबिनला लावून भरायला सांगितले. तेव्हा ठीक झालं. हा दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. माल न भरता चालवली असती तर हे कल्याणच्या रस्त्यावर कळलं असतं.

डिझेल की सीएनजी, हे सगळ्या विचारतात. सीएनजी स्वस्त पडतो, पण चढाला खेच कमी वाटते, पंपावर रांग असते, आणि टाकीची तीन वर्षांनी तपासणी करावी लागते. डिझेलचं पण एक आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब आणि सलग पळावी लागते. रोज फक्त चार किलोमीटरवरच्या संकलन केंद्रात जाऊन येणार असाल तर ती तुंबते आणि खर्च येतो. आमची गाडी आठवड्यातून तीनदा कल्याणला जाते म्हणून आम्ही डिझेल घेतली. दूध गोळा करणाऱ्या गटानं आमचं बघून डिझेल घेऊ नये.

मायलेज विक्रेत्याला विचारूच नका. तीच गाडी आपल्याच रस्त्यावर चालवणाऱ्या दोघांना मार्केट यार्डात गाठून विचारा. सर्व्हिस सेंटर किती लांब आणि पार्ट किती दिवसांत मिळतो, तेही तेच खरं सांगतात. आम्हाला एकानं सांगितलं की एका पार्टसाठी गाडी बारा दिवस उभी होती. बारा दिवसांचा हप्ता कुणी भरायचा?

आणि चालवून बघितली ती गाडी तुम्हाला मिळत नाही, मिळते दुसरीच. म्हणून ताबा घेताना पुन्हा बघायचं. चासी नंबरातलं दहावं अक्षर वर्षाचं असतं. आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. मागच्या वर्षीची पडून राहिलेली गाडी या वर्षीच्या भावात देतात. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. आमच्या स्टेपनीचा टायर दीड वर्षं जुना निघाला, बदलून घेतला. जॅक आणि पाना आहे का, आणि आपल्या पोरीला चाक काढता येतं का, हे तिथंच करून बघा. चासी आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवून मगच सही.

कागदाचं थोडक्यात सांगते. मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. फिटनेस पहिल्यांदा दोन वर्षांचं मिळतं, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी करावं लागतं. तो खर्च आणि विमा हप्त्याच्या हिशोबात धरा, आम्ही पहिल्या वर्षी धरला नव्हता आणि विम्याच्या वेळी गटांकडे पुन्हा हात पसरावा लागला.

आम्ही वापरला तो मोजमापाचा कागद संघाच्या कार्यालयात व्यवस्थापक ताईंकडे ठेवलाय, झेरॉक्स काढून न्या. गाडी बघायला जायच्या आधी दोन दिवस सांगितलंत तर दीर आणि आमची पोरगी दोघं यायला तयार आहेत. जेवण तुमच्याकडे. माल मात्र तुमचा भरायचा.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.