शापोऱ्याकाठी आपले स्वागत असो



देशी जंगल पुन्हा उभे करण्यासाठी झटणारी एवढी माणसे आमच्या मांडवाखाली जमली, हे तुयेचे भाग्य. स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. जे कामुर्लीहून फेरीबोटीने आले, त्यांनी शापोरा नदीचे रुंद पात्र आणि काठची खारफुटी पाहिलीच असेल. बोट धक्क्याला लागली की आमचा पेडणे महाल सुरू होतो.

या महालाविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. 1788 साली तो पोर्तुगिजांकडे गेला. तिसवाडी-बार्देशाच्या मानाने फार उशिरा. इथली दैवते, दशावतार, मराठी यांची मुळे त्यामुळे शाबूत राहिली. पत्रादेवीला 15 ऑगस्ट 1955 रोजी पंजाबातून आलेल्या करनैलसिंग बेनिपाल यांनी गोव्याच्या मुक्तीसाठी छातीवर गोळी झेलली, तो नाकाही आमच्याच तालुक्यात. आणि केरीचे जिवबादादा बक्षी! 1795 साली खर्ड्याच्या रणांगणात शिंद्यांची फौज त्यांच्या हाताखाली लढली. महादजी शिंद्यांना जाऊन जेमतेम वर्ष झाले होते, त्यांचे वारस दौलतराव पोरवयाचे. अशा वेळी शिंद्यांच्या फौजेची धुरा पेडण्याच्या माणसाने वाहिली. आज आमच्या मुलांना त्यांचे नाव ठाऊक नाही, याचे मला फार वाईट वाटते. त्यांचा आजच्या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. ज्या मातीने हा माणूस दिला तिच्याच डोंगरांविषयी आपण बोलणार आहोत, एवढा धागा मला पुरेसा आहे.

मी वनशास्त्राचा अभ्यासक नाही. पण चतुर्थीला गणपतीसमोर रानफळांची माटोळी बांधणाऱ्या घरातला आहे. पिवळ्या कांगल्यांचे घोस, हलवल्या की आत बी खुळखुळणाऱ्या घागऱ्या, लालभडक कवंडळे, हे सारे एके काळी घरची माणसे रानातून आणत. कुठल्या वहाळाकाठी कोणती वेल आहे, हे त्यांना पाठ असे. आता पुष्कळ घरी माटोळी बाजारातून येते. पठारावर औद्योगिक वसाहत झाली, मोपाला विमानतळ झाला. रोजगार हवाच, त्याला माझा विरोध नाही. मात्र उघड्या डोंगरावर हिरवाई दिसावी म्हणून गोव्यात ठिकठिकाणी ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला गेला, डिचोलीच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवरही. तो झपाट्याने वाढतो, गुरे त्याला तोंड लावत नाहीत. पण त्याच्याखाली माटोळीचे एकही फळ मिळत नाही. झाडे लावायचीच, तर माटोळीला लागणारी लावा, आणि त्यांचा शोध गावातल्या जाणत्या बायकांना विचारून घ्या, ही माझी संमेलनाला विनंती.

अशा झाडांचे बियाणे दूर नाही, गोव्यातल्या देवरायांत आहे. सुर्लाची पूर्वतळी राय गोव्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरली. सत्तरीत बांबरच्या निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल देवाच्या धाकाने टिकून आहे. केरी-सत्तरीच्या राजेंद्र केरकरांनी आणि विवेकानंद पर्यावरण जागृती फौजेने या देवराया गोव्याला नव्याने ओळखायला लावल्या. त्यांचे ऋण मोठे आहे.

आता क्षमायाचना. गाव लहान, सर्वांची सोय हॉटेलात करता आली नाही, घरोघरी केली आहे. कुणाला पंखा कमी पडेल, कुणाला आंघोळीच्या पाण्यासाठी थांबावे लागेल, ते गोड मानून घ्यावे. मांडवासाठी ज्यांनी माडाची झावळे दिली, ज्यांनी तांदूळ आणि नारळ उतरवून ठेवले, ज्या व्यापारी बंधूंनी नाव जाहीर न करण्याच्या अटीवर दोन दिवसांच्या जेवणाचा खर्च उचलला, खुर्च्या वाहणारी शाळेची मुले, पहाटेपासून चुलीपुढे असलेल्या महिला मंडळाच्या भगिनी, ध्वनिवर्धकवाले, वाहने देणारे, पंचायत, देवस्थान समिती आणि फेरीबोटीचे कर्मचारी, सर्वांना देव बरे करो. कुणाचे नाव राहिले असल्यास राग मानू नये.

जेवण एक वाजता देवळाच्या सभामंडपात आहे. परत कामुर्लीला जाणाऱ्यांनी शेवटच्या बोटीची वेळ स्वयंसेवकांकडून विचारून घ्यावी. अध्यक्ष महोदयांनी आता संमेलनाची सूत्रे स्वीकारावीत, अशी मी त्यांना नम्र विनंती करतो.