चांगली मोटार कोणती?



चांगली मोटार कोणती, हा प्रश्न हल्लीं घरोघरीं निघतो आणि त्याचें उत्तर द्यावयास प्रत्येक जण सिद्ध असतो. तरुण मनुष्य गाडीच्या जोमाचा दाखला देतो. संसारी मनुष्य सामानाची जागा, इंधनाचा खर्च आणि गाडी उभी करण्याची सोय पाहतो. वयस्क मनुष्य एवढेंच विचारतो कीं, बसावयास सुख वाटेल ना? सुख, सोय आणि जोम या तीन गुणांचा मेळ एका गाडींत किती बसतो, याचा विचार मला गेल्या वर्षीं करावा लागला. तोच आज आपल्यापुढें मांडतों.

माझें आयुष्य चिपळुणास मुलांना अंकगणित शिकविण्यांत गेलें. मोटारींचा शौक मला कधींच नव्हता. पण माझ्या पत्नीचे गुडघे दुखूं लागले, बसच्या पायऱ्या तिला चढवेनात, आणि कऱ्हाडास राहणाऱ्या तिच्या वृद्ध मातेची भेट दीड वर्ष घडली नाहीं. चिपळुणाहून कऱ्हाडास जावयाचें म्हणजे कुंभार्ली घाट चढून जावयाचें. तेव्हां निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या पुंजींतून एक गाडी घ्यावी, असें ठरलें. ठरलें तें एवढेंच. पुढें घरांत तीन पक्ष झाले. मुलगा म्हणे, उंच एसयूव्ही घ्या. जावई म्हणत, मोठ्या डिकीची सेडान घ्या. मी म्हणें, सर्वांत स्वस्त अशी लहान हॅचबॅक पुरे. जिच्यासाठीं गाडी घ्यावयाची, तिला मात्र कोणीच कांहीं विचारलें नव्हतें.

आधीं थोडें मागें पाहूं. माझ्या पिढीनें पाहिलेली अँबॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लिश गाडीवरून घडविलेली. बंगालमधील उत्तरपाडा येथें ती २०१४ पर्यंत तयार होत होती. तिची मागची बैठक ऐसपैस, आणि पाट्यांवर झुलत ती खड्डे पचवी. परंतु तिचें इंजिन उभें बसविलेलें आणि ओढ मागच्या चाकांना. त्यामुळें शक्ति पोंचविणारा दांडा गाडीच्या पोटाखालून जाई व त्यासाठीं तळाच्या मध्यभागीं उंचवटा ठेवावा लागे. १९५९ सालीं इंग्लंडांत अलेक इसिगोनिस यांच्या मिनी या गाडींत इंजिन आडवें ठेवून ओढ पुढच्याच चाकांना दिलेली होती. गाडी अवघी दहा फूट लांब, पण तिच्या तळाचा सुमारें चार पंचमांश भाग माणसें व सामान यांस मिळाला. १४ डिसेंबर १९८३ रोजीं आपल्याकडे पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातीं पडली, तिचीहि मांडणी अशीच होती. तिचें इंजिन तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरांचें. अँबॅसिडरचा ऐसपैसपणा तिच्यांत नव्हता. पण चार माणसें थोड्या इंधनांत नेण्याची सोय तिनें सामान्य घरांत आणली. सोय मिळविण्यासाठीं सुखांतून कांहीं द्यावें लागलें, असा याचा अर्थ.

हा देण्याघेण्याचा हिशेब आजहि चालूच आहे. २००६ पासून आपल्या देशांत चार मीटरांच्या आंतील, लहान इंजिनाच्या गाड्यांवर कर कमी बसतो. म्हणून पुष्कळशा गाड्या, मग त्यांचा प्रकार कोणताहि असो, तेवढ्याच लांबींत बेतलेल्या असतात. कापड ठराविक असल्यावर शिंप्यानें बाही लांब काढली तर पाठ तोकडी पडावयाचीच. आंखूड सेडान डिकी मोठी करूं गेली तर मागें बसणाराचे पाय आंखडतात. हॅचबॅक पायांना जागा देते आणि डिकी आंखूड करते. एसयूव्हीला लांबी मिळत नाहीं, म्हणून ती उंचींत जागा शोधते.

उंचीचा लाभ खरोखर मोठा आहे. मोठीं चाकें खड्ड्यांत कमी उतरतात, पोट गतिरोधकाला घांसत नाहीं, रस्ता दूरवर दिसतो. पण गुरुत्वमध्य वर गेला कीं वळणावर गाडी कलते. तो कल आवरण्यासाठीं स्प्रिंगा ताठर केल्या तर खड्डा पाठीला कळतो. शिवाय उंच-रुंद गाडीला वारा अधिक अडवितो, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. हमरस्त्यावर इंधन त्यांत खर्ची पडतें. सेडानचें याच्या उलट. ती जमिनीलगत असते, वारा सहज कापते, वळणावर स्थिर राहते. तिच्यांत एकदां बसलें कीं सुख आहे. पण बसावयाचें म्हणजे वांकून खालीं उतरावयाचें, आणि उठतांना सारा भार गुडघ्यांवर. हॅचबॅक हलकी, अरुंद आळींत ती सहज वळते, मागची बैठक दुमडली कीं आंब्याच्या पेट्याहि घेते. मात्र चार माणसें बसलीं कीं पेट्या घरींच राहतात.

आतां जोम. जाहिरातींत अश्वशक्तीचा जो मोठा आंकडा असतो, तो इंजिन अतिशय जलद फिरत असतांनाचा. घाटांत मंद गतींतहि जी ओढ मिळते, ती कामाची. डिझेल इंजिन किंवा टर्बो लावलेलें लहान पेट्रोल इंजिन ही ओढ लौकर देतें. विजेच्या गाडीला तर ती उभ्याउभ्याच मिळते, आणि घाट उतरतांना एरवीं वायां जाणाऱ्या शक्तीचा कांहीं भाग बॅटरींत परत जमा होतो. पण रात्रीं वीज जोडावयास स्वतःची जागा हवी. आमची गाडी आळींत रस्त्याच्या कडेला उभी राहणार, म्हणून तो विचार आम्हांस सोडावा लागला. मुलांना मी एक गणित नेहमीं घालीत असें: वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबावयास अंतर किती पट लागेल? उत्तर, चौपट. म्हणून जोमाच्या आधीं ब्रेक, हवेच्या पिशव्या आणि मागच्या बैठकीचे पट्टे पाहावेत. २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप या परीक्षेंत गाड्या आदळून पाहतात व त्यांना तारे देतात. ही गुणपत्रिका ग्राहकानें अवश्य मागावी.

एवढा ऊहापोह झाल्यावर एके दिवशीं पत्नी म्हणाली, "तुमचीं गणितें होऊं द्या, मला आधीं बसून पाहूं द्या." तेव्हां माझे डोळे उघडले. मीं मोजपट्टी घेतली. ज्या पलंगावरून ती आधाराशिवाय उठते, त्याची उंची २३ इंच भरली. मग ओळखीच्या मंडळींच्या गाड्यांच्या मागच्या बैठका जमिनीपासून मोजल्या. सेडानची १९ इंच, लहान हॅचबॅकची २१, मोठ्या एसयूव्हीची ३०. सेडानमधून तिला आम्हीं दोघांनीं धरून उठविलें. एसयूव्हीच्या पायरीवर तिचा पाय ठरेना. अखेरीस एका शेजाऱ्यांची उंच बांध्याची हॅचबॅक पाहिली. बैठक २४ इंच, दार रुंद, छत उंच. ती बसली, उठली, पुन्हां बसली आणि म्हणाली, "ही." तीन महिन्यांचा वाद एका शब्दांत मिटला.

त्या गाडींतहि उणिवा आहेत. चार माणसें बसलेलीं आणि वातानुकूलन चालू असलें म्हणजे कुंभार्लीच्या वळणांवर दुसऱ्या गिअरवर यावें लागतें. मागचे लोक भोंगे वाजवितात. मी त्यांना वाट देतों. डिकींत दोन पेट्यांहून अधिक कांहीं मावत नाहीं. हें सारें आम्हीं जाणून पत्करलें.

आपणहि हीच गाडी घ्यावी, असें मी म्हणत नाहीं. ज्याला वरचेवर द्रुतगति मार्गानें मुंबई-पुणें करावयाचें, त्याला सेडानच सुख देईल. ज्याच्या शेताची वाट कच्ची, त्याला उंच गाडीवांचून गत्यंतर नाहीं. माझें सांगणें इतकेंच कीं, घरांतील सर्वांत अशक्त माणसाला मागच्या बैठकीवर बसवावें, घरचें नेहमींचें ओझें भरावें, आपल्या नेहमींच्या वाटेनें एक फेरी मारावी, आणि मग निर्णय करावा. चालविणाराचें मत सर्वांत शेवटीं घ्यावें.

गाडी आल्यावर पहिल्याच रविवारीं आम्ही कऱ्हाडास गेलों. सासूबाई ओट्यावर वाट पाहत बसल्या होत्या. मी मदतीस पुढें होणार, तोंच पत्नीनें दार उघडून पाय जमिनीला टेकले आणि ती उभी राहिली. सासूबाईंनीं प्रथम तिच्याकडे पाहिलें, मग माझ्याकडे, आणि विचारलें, "कोणी धरली नाहीं तिला?" त्या गाडीची याहून मोठी प्रशंसा मीं आजवर ऐकलेली नाहीं.