रेलून चालवायची तीनचाकी आणि कामकऱ्याची वाट



कामाचा दिवस कारखान्याच्या फाटकाशी किंवा शेताच्या बांधावर सुरू होतो, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. वस्तुतः तो घराचा उंबरठा ओलांडताच सुरू होतो. कामावर जाण्यायेण्यात खर्ची पडणारा वेळ, पैसा आणि अंगातली ताकद मजुरीच्या हिशेबात सहसा येत नाही. मात्र ती कामकऱ्याच्याच पदरची असते. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीच्या २००५च्या कायद्याने हे तत्त्व एका मर्यादेत मान्य केले होते. काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यावे, त्यापलीकडे दिल्यास दहा टक्के जादा मजुरी द्यावी, अशी त्यात तरतूद होती. हे तत्त्व हाताशी धरून एका अनोळखी वाहनाकडे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

युरोपात काही नोकरदार रेलून चालवायच्या तीनचाकी सायकलीने कामावर जातात. तिला रिकम्बंट ट्राइक म्हणतात. बहुधा पुढे दोन आणि मागे एक चाक, जमिनीलगत पाठ टेकण्याची बैठक आणि पायांच्या समोर पॅडल अशी तिची रचना असते. वारा कमी अडतो. तोल सावरावा लागत नाही, त्यामुळे चढावर अगदी मंद गतीने गेले तरी ती कलंडत नाही.

ही कल्पना नवी नाही. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या स्वाराने शार्ल मोशे यांनी बनविलेल्या, रेलून चालवायच्या दुचाकीवर एका तासात ४५ किलोमीटरांहून अधिक अंतर कापले आणि १९१४ सालचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलीची व्याख्या अशी केली की, हे वाहन शर्यतींतून बाद झाले. यंत्र हरले नव्हते. नियम बदलला होता. कोणते साधन रूढ होणार हे केवळ त्याच्या गुणांवर ठरत नाही, नियम करण्याची सत्ता कोणाकडे आहे यावरही ठरते.

यवतमाळ जिल्ह्यात या वाहनाची सख्खी बहीण आधीच वावरते आहे. ती म्हणजे अपंगांची, हाताने फिरवायची तीनचाकी. कृत्रिम अवयव व साधने बनविणारे केंद्र सरकारचे महामंडळ १९७२ साली कानपूरला स्थापन झाले. अपंगांना साधने पुरविण्याची केंद्राची योजना १९८१पासून चालू आहे. त्यामुळे तीनचाकीचा संबंध लोकांच्या मनात शिबिर, हार आणि छायाचित्र यांच्याशी जुळला आहे. ती दान म्हणून दिली जाते; रोजगाराचे साधन म्हणून नव्हे. ज्याला तीनचाकी मिळाली तो तिच्यावर बसून कामावर पोहोचतो काय, साखळी तुटली तर दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते काय, हे समारंभानंतर क्वचितच विचारले जाते. ज्याच्या पायांत बळ आहे पण तोल राहत नाही, त्याला तर हाताने फिरवण्यापेक्षा पायाने चालवायची रेलती तीनचाकी अधिक सोयीची ठरू शकते. माणूस पाहून साधन द्यावे. साधन पाहून माणूस बसवू नये.

यावर आक्षेप घेतले जातील आणि ते खरे आहेत. बैठक इतकी खाली की कापसाच्या गाठींनी वा कोळशाने भरलेल्या ट्रकच्या चालकाला स्वार दिसणे कठीण. दुचाकी खड्डा चुकवून जाते. तीन चाकांच्या तीन वाटा, एखादे चाक खड्ड्यात जाणारच. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्यात विदर्भाचे ऊन, आणि किंमत तर साध्या सायकलीच्या कितीतरी पट. म्हणून उद्या वणीच्या खाणीवर किंवा पुसदच्या बाजारात या गाड्यांची रांग लागेल, असे कोणी मानू नये. परंतु हे आक्षेप नीट तपासले तर किंमत आणि ऊन वगळता उरलेले बहुतेक रस्त्याविरुद्धचे आहेत. जो रस्ता तीनचाकीला धोक्याचा, तो पायी जाणाऱ्या मजूर स्त्रीला आणि सायकलस्वार विद्यार्थ्यालाही धोक्याचाच असतो.

करआकारणीनेही शासनाची दृष्टी उघड केली आहे. १ ऑगस्ट २०१९पासून विजेच्या मोटारीवर पाच टक्के वस्तू व सेवा कर होता. त्याच काळात साध्या सायकलीवर बारा टक्के. ही विसंगती दूर होऊन सायकलीवरचा कर पाच टक्क्यांवर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. ज्या वाहनाला इंधन लागत नाही, त्याला सहा वर्षे जास्त कर भरावा लागला.

गणतीची कथा याहून बोलकी आहे. २०११च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन विचारले गेले. देशात सुमारे साडेचार कोटी लोक पायी, सुमारे अडीच कोटींहून अधिक सायकलीने आणि केवळ ५४ लाखांच्या आसपास मोटारीने कामावर जात होते. मात्र हा प्रश्न ‘इतर कामगारां’पुरताच होता, शेतकरी आणि शेतमजूर यांना तो विचारलाच गेला नाही. यवतमाळसारख्या जिल्ह्यात याचा अर्थ असा की, कापूस वेचायला पहाटे निघणाऱ्या बाईची वाट सरकारच्या कागदावर उमटलीच नाही. जे मोजले जात नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याचे ४१वे कलम अपंगांना वापरता येतील असे रस्ते आणि परवडणाऱ्या खर्चात हालचालीची साधने देण्याची जबाबदारी शासनावर टाकते. कार्यकर्त्यांना हे कलम उपयोगी पडावे. जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत प्रत्येकी एक बाजाराचा रस्ता निवडावा. त्यावरून सकाळच्या दोन तासांत पायी, सायकलीने आणि तीनचाकीने किती माणसे कामावर जातात ते मोजावे. तीनचाकी कोठे अडते त्याची नोंद करावी आणि ती यादी नगरपरिषद, ग्रामपंचायत व जिल्हा परिषदेपुढे ठेवावी. कडेची पक्की पट्टी, उतार आणि तालुक्याला एक दुरुस्तीचे दुकान, एवढ्याच मागण्या प्रथम पुरेत. त्यांना परदेशी यंत्र लागत नाही. गणती करणारी माणसे आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करण्याची चिकाटी लागते.