सूक्ष्म सागरी शंख : नव्या जातीचे वर्णन आणि जुन्या नावांची जबाबदारी



समुद्री शंखांच्या अभ्यासात मोठ्या आणि रंगीत शंखांच्या वाट्याला जेवढे लक्ष आले, तेवढे काही मिलिमीटरांत मावणाऱ्या शंखांच्या वाट्याला कधीच आले नाही, आणि याचे परिणाम आता स्पष्ट दिसू लागले आहेत. फिलिप बुशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू कॅलेडोनियातील कुमाक येथे केलेल्या संकलनाचा वृत्तांत २००२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा अवघ्या २९५ चौरस किलोमीटर क्षेत्रात मृदुकाय प्राण्यांच्या, म्हणजे शंख-शिंपल्यांच्या संघातील प्राण्यांच्या, २,७३८ जाती आढळल्याचे जगाला कळले. त्यांपैकी सुमारे २० टक्के जातींचा तर एकेकच नमुना हाती आला होता. अशा परिस्थितीत नव्या जाती सापडणे अवघड नाही. अवघड आहे ते त्या नव्या असल्याचे सिद्ध करणे. नवी जाती जाहीर करणे म्हणजे हा प्राणी आजवर नाव मिळालेल्या प्रत्येक प्राण्याहून वेगळा आहे असे विधान करणे होय. या विधानाचा निम्मा भाग हाती आलेल्या शंखाविषयी आणि निम्मा पूर्वी वर्णिलेल्या शंखांविषयी असतो, आणि आजवर हेळसांड झाली आहे ती या दुसऱ्या भागाची.

पहिल्या भागाची कार्यपद्धती आता बरीच स्थिरावली आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी सर्वांत खाली उतरते, त्या वेळी खडपांवरचे दगड आणि शेवाळ समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत घासून धुतले जातात, खाली बसलेला गाळ बारीक चाळण्यांतून गाळला जातो आणि उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून निवडले जातात. जिवंत प्राणी रिकाम्या कवचांपासून येथेच वेगळे करावे लागतात, कारण रिकामे कवच लाटांनी किंवा शंखवासी खेकड्याने दुसरीकडून आणलेले असू शकते आणि प्राण्याच्या मऊ शरीराविषयी ते फारसे काही सांगत नाही.

वर्णनात सर्वाधिक मोलाचा ठरतो तो कवचाच्या टोकाचा भाग, ज्याला आदिकवच म्हणतात. अंड्यात आणि त्यानंतर डिंभावस्थेत, म्हणजे प्रौढ रूप येण्यापूर्वीच्या अवस्थेत, तयार झालेले हे कवच पुढे शंख वाढला तरी टोकाशी तसेच राहते. आदिकवचाला वेढे अनेक आणि आरंभबिंदू लहान असेल, तर डिंभ प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, उपजीविका करत दीर्घकाळ समुद्रात वाहत राहिला असे अनुमान निघते. वेढे थोडे आणि आरंभबिंदू मोठा असेल, तर पिल्लू जन्मस्थानाच्या आसपासच वाढले असण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच कोकणातील आणि पूर्व आफ्रिकेतील दोन शंख बाकी सर्व बाबतींत सारखे दिसले, तरी आदिकवचातला फरक त्यांना दोन स्वतंत्र जाती ठरवू शकतो. या रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. त्यांना जोड मिळते ती रॅड्युलाची, म्हणजे अन्न खरवडणाऱ्या, कानशीसारख्या दंतपट्टीची, आणि प्राणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेला असल्यास जनुकक्रमाचीही.

एवढी सामग्री जमली तरी नाव वैध होत नाही. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने १७५८ हे या नामपद्धतीचे आरंभवर्ष मानले असून, २००० सालापासून जाहीर होणाऱ्या प्रत्येक जातीसाठी होलोटाइप, म्हणजे नावाचा कायमचा आधार ठरणारा नमुना, स्पष्टपणे निश्चित करणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे वा ठेवला जाईल हे सांगणे तिने बंधनकारक केले आहे. वर्णनातील शब्द अपुरे पडले, चित्र चुकले किंवा लेखकाचे मत बदलले, तरी वादाचा निर्णय अखेर त्या नमुन्याकडे पाहूनच करावा लागतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. अलेक्झांडर अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी मुंबईत गोळा केलेल्या शंखांवरून जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांनी १८९३ साली मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात पंचवीस नव्या सागरी जातींचे वर्णन केले. त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा वर्णनांत लॅटिनमधला एखादा परिच्छेद आणि एक छोटे चित्र पुरेसे मानले जाई, ठिकाणाची नोंद अनेकदा शहराच्या नावापुरती असे, आणि आदिकवचाच्या बारकाव्यांची अपेक्षाच नव्हती. मेलव्हिल यांचा मोठा संग्रह पुढे शंखसंग्राहक टॉमलिन यांच्याकडे गेला आणि आज तो कार्डिफ येथील वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यामुळे मुंबई, रत्नागिरी वा मालवणच्या खडपांवर सापडलेला दोन मिलिमीटरचा शंख नवा आहे असे म्हणणाऱ्याला, तो मेलव्हिल यांच्या एखाद्या जातीचाच नाही हे आधी ब्रिटनमधील नमुन्यांशी ताडून दाखवावे लागते. ही तुलना टाळून दिलेले नाव पुढे जुन्या नावाचे समानार्थी नाव ठरते आणि ते निस्तरण्याचे काम पुढच्या पिढीवर पडते.

या कामात वेळही अनुकूल नाही. एखादा नमुना प्रथम संग्रहात येणे आणि त्याचे नव्या जातीचा म्हणून वर्णन होणे यांत सरासरी सुमारे २१ वर्षे जातात, असा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने काढला आहे. दरम्यान लाकडी कपाटांतून सुटणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे कवचावर पांढरे क्षार जमून ते कुरतडले जाते, आणि या विकाराने मोठ्या शंखाची चकाकी जात असेल, तर सूक्ष्म शंखाचे आदिकवचच नाहीसे होते. दुसरीकडे वरळी ते हाजी अलीपर्यंतच्या किनाऱ्यावर भराव पडून मूळ खडपांचे स्वरूपही बदलले आहे.

म्हणून या परिषदेपुढे तीन कामे ठेवणे उचित ठरेल. मुंबई परिसरातून वर्णिलेल्या सूक्ष्म जातींच्या मूळ नमुन्यांची आजच्या दर्जाची छायाचित्रे मिळवून ती सर्वांना खुली करावीत. त्याच किनाऱ्यावरून जिवंत प्राणी पुन्हा गोळा करून जुन्या जातींचे आदिकवच, रॅड्युला आणि जनुकक्रम यांसह पुनर्वर्णन करावे. नव्या जातीचे नमुने अधिकृत संग्रहात जमा करण्याचे जे बंधन २००२ च्या जैविक विविधता कायद्याने घातले आहे, त्याच्या पालनासाठी आम्लमुक्त साठवणुकीची सोय देशातील संग्रहांत उभी करावी. या कामांतून नव्या नावांची यादी लगेच वाढणार नाही, किंबहुना काही नावे गळूनही पडतील. परंतु त्यानंतर कोकणातून जाहीर होणारी प्रत्येक जाती कशाहून वेगळी आहे, हे कोणत्याही वाचकाला स्वतः पडताळून पाहता येईल.