पुस्तक मिटते, हिशेब मिटत नाही
(कुंडल येथे वाचकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुस्तके वाचून माणूस शहाणा होतो, असे शाळेत शिकवले जाते. काही पुस्तके वाचून माणसाची झोप उडते, हे मात्र कोणी शिकवत नाही. शेवटचे पान उलटले, पुस्तक वाचनालयात परत गेले, नोंदवहीत सहीही झाली. तरी महिना-दोन महिन्यांनी, भरल्या बाजारात किंवा शेताच्या बांधावर, त्यातला एखादा प्रसंग अवचित समोर उभा राहतो आणि उत्तर मागतो. अशा पुस्तकांविषयी वाचक बहुधा तक्रारीच्या सुरात बोलतात. ती तक्रार खरी आहे आणि म्हणूनच तिचा विचार केला पाहिजे. कोणती पुस्तके माणसाला दीर्घकाळ अस्वस्थ ठेवतात, का ठेवतात आणि त्या अस्वस्थतेचे पुढे काय होते, हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. कुंडलसारख्या गावात तर तो मुळीच नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. डोळ्यांत पाणी आणणारे प्रत्येक पुस्तक अस्वस्थ करतेच असे नाही. अश्रूंचा एक गुण असा की ते मन हलके करतात. दुसऱ्याच्या दुःखासाठी रडून झाले की आपले देणे फिटले, असे वाचकाला वाटू लागते. अश्रू ही जणू त्या देण्याची पावती ठरते. साने गुरुजींची 'श्यामची आई' 1935 साली प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत ती वाचून लोक रडले. परंतु ज्यांनी ती लिहिली ते गुरुजी स्वतः रडून थांबले नाहीत. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी अश्रूंवर हिशेब मिटवला. लिहिणाऱ्याने तो मिटू दिला नाही. अस्वस्थ करणारे पुस्तक कोणते, हे या फरकातून कळते. जे पुस्तक वाचकाला साक्षीदाराच्या जागेवरून उठवून पक्षकाराच्या जागेवर बसवते, ते मिटले तरी मिटत नाही.

याचे जवळचे उदाहरण पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. याच जिल्ह्यात, वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे 1 ऑगस्ट 1920 रोजी अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. शाळेशी त्यांचा संबंध जवळजवळ आलाच नाही. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठलेला, गिरणीत राबलेला हा माणूस लेखक झाला आणि 1959 साली त्याची 'फकिरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. लेखकाने ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली होती. 18 जुलै 1969 रोजी हा लेखक मुंबईत दारिद्र्यात वारला, हेही त्या पुस्तकाच्या वाचकाने विसरू नये.

'फकिरा' या भागातला वाचक पहिल्यांदा वाचतो तो शौर्याची कथा म्हणून. घोडा, तलवार, डोंगर, गावाच्या मानासाठी प्राण देणारा बाप आणि त्याचा तसाच निधडा मुलगा, हे सारे त्याच्या ओळखीचे असते. परंतु कादंबरी मिटल्यावर मनात राहते ते शौर्य नव्हे, तर उपासमार आणि हजेरी. दुष्काळ पडला आहे, मांगवाड्यात माणसे अन्नावाचून मरत आहेत आणि धान्य मात्र कोठारात सुरक्षित आहे. फकिरा ते लुटतो. पुढे सरकारचा खजिनाही लुटतो. आणि ज्यांनी काहीच लुटले नाही त्यांनाही, केवळ एका जातीत जन्मले म्हणून, रोज हजेरी द्यावी लागते. ही लेखकाची कल्पना नव्हे. गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रज सरकारने 1871 साली केला, 1911 साली तो देशभर लागू करण्याची तरतूद झाली आणि 1924 साली त्याला एकत्रित स्वरूप मिळाले. गुन्हा सिद्ध होण्यापूर्वी, किंबहुना गुन्हा घडण्यापूर्वीच, पाळण्यातल्या मुलाला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा होता.

आता कुंडलकडे वळू. 1943 ते 1946 या काळात सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार उभे राहिले, त्याचे एक प्रमुख केंद्र हे गाव होते. जी. डी. बापू लाड याच गावचे. तुफान सेना येथे घडली, लोकन्यायालये चालली, सावकारांना चाप बसला, गावगुंडांना शिक्षा झाल्या. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ सरकारी पगार घेऊन जाणारी रेल्वेगाडी अडवून पैसा ताब्यात घेण्यात आला. त्या घटनेला या गावात आजही कोणी दरोडा म्हणत नाही आणि म्हणूही नये. परकीय सत्तेने प्रजेकडून काढलेला पैसा प्रजेने परत घेतला, असाच तिचा अर्थ येथे सांगितला जातो आणि तो योग्य आहे. तत्कालीन सरकारच्या दप्तरात मात्र ते लोक दरोडेखोरच होते.

'फकिरा'ची बोच नेमकी येथे लागते. खजिना दोघांनीही लुटला, सत्ता परकीय होती ती दोघांच्याही वेळी. मग एकाला स्वातंत्र्यसैनिक म्हणताना जीभ अडखळत नाही आणि दुसऱ्याला बंडखोर म्हणतानाही ती क्षणभर थांबते, असे का? कोणी म्हणेल, प्रतिसरकारामागे राष्ट्राचा विचार होता, संघटना होती, शिस्त होती. फकिरामागे केवळ भूक होती. हा फरक खरा आहे आणि तो लहान नाही. परंतु भूक हे अन्यायी कायदा मोडण्याचे हलके कारण आहे काय, या प्रश्नाला त्या फरकाने उत्तर मिळत नाही. स्वातंत्र्य आल्यावर एकाच्या घरी ताम्रपट गेला. दुसऱ्याच्या वंशजांवरचा कायदा सबंध देशातून हटण्यास 1952 चा ऑगस्ट उजाडावा लागला आणि त्यांना 'विमुक्त' हे नाव मिळाले. तुरुंगातून सुटलेल्याला आयुष्यभर 'सुटलेला' म्हणून हाक मारावी, तसे हे नाव आहे. शिवाय 1959 साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा नवा कायदा आला. तो जातीचे नाव घेत नव्हता, हे मान्य केले पाहिजे; परंतु पोलिसाची जुनी नजर कायद्याच्या शब्दाबरोबर बदलत नाही, हेही तितकेच खरे. कुंडलच्या वाचकाला हे पुस्तक अस्वस्थ करते ते त्याच्या लाजेच्या नव्हे, तर त्याच्या अभिमानाच्या जागी बोट ठेवते म्हणून.

दुसरे उदाहरण आटपाडीचे. कुंडल आणि आटपाडी ही दोन्ही गावे औंध संस्थानात होती. महात्मा गांधींच्या सल्ल्याने 1939 साली ज्या संस्थानाच्या राजाने आपले अधिकार प्रजेला दिले, ते हे औंध. त्याचा अभिमान या दोन्ही गावांना वाटतो आणि तो रास्त आहे. त्याच आटपाडीत 1921 साली जन्मलेले शंकरराव खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांचे 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र 1981 साली आले. तराळकी म्हणजे महारांकडे असलेली गावकामाची चाकरी. या चाकरीचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. कामाला माप नाही, वेळेला मर्यादा नाही आणि मोबदल्याला निश्चित दर नाही. खळ्यावर जे पदरात पडेल ते बलुते. ज्या व्यवहारात कामही मोजले जात नाही आणि मजुरीही मोजली जात नाही, त्यात देणेकऱ्याला आपण देणे लागतो हे कधी कळतच नाही. उलट देणारा दाता ठरतो आणि राबणारा याचक. डॉ. आंबेडकरांनी या वतनांत सुधारणा करण्याचे विधेयक 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात आणले. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. वतन गेले, परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या न मोजलेल्या श्रमाचा हिशेब कोणी केला नाही. असे आत्मचरित्र वाचताना वाचकाला प्रथमच ते खाते दिसते आणि नावे पडलेल्या रकमेपुढे आपल्या घराण्याचे नाव आहे की काय, अशी शंका त्याला येते.

तिसरे उदाहरण सातारा जिल्ह्याचे. फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 साली प्रसिद्ध झाले आणि 1981 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या, टोपल्या विणून पोट भरणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ही कहाणी. टोपली तर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात असते. तिची किंमत कशी ठरत होती, हे मात्र 'उपरा' वाचेपर्यंत फार थोड्यांच्या मनात आले असेल. विणणाऱ्याला उद्या मुक्काम हलवायचा आहे, माल साठवायला त्याला छप्पर नाही आणि संध्याकाळी चूल पेटायची आहे. अशा बाजारात भाव विकणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो. सावकार आणि व्यापारी यांनी आपल्या मालाचा भाव पाडला म्हणून जो शेतकरी रागावतो, तोच शेतकरी टोपलीच्या बाजारात व्यापाऱ्याच्या जागी उभा असतो. शोषित माणूस दुसऱ्या बाजारात शोषक असू शकतो, ही गोष्ट सिद्धान्त म्हणून ऐकताना कोणी दचकत नाही. घरातल्या टोपलीकडे पाहताना ती आठवली, म्हणजे माणूस दचकतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. साहित्याने आनंद द्यावा, जुन्या जखमा उकरून काय साधणार, असे पुष्कळ जण म्हणतात. हा आक्षेप केवळ सुखवस्तूंचा नाही. दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली आले तेव्हा दलित समाजातूनही काही जणांनी, आपली लक्तरे वेशीवर टांगली म्हणून, नाराजी दाखवली होती. त्या नाराजीमागचे दुःख समजण्यासारखे आहे. परंतु जखम उकरली जाते असे म्हणताना ती बरी झाली आहे, असे गृहीत धरले जाते. बरी झालेली जखम नुसत्या शब्दांनी ठसठसत नाही.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे आणि तो पुरोगामी म्हणवणाऱ्या वाचकांना अधिक आहे. अस्वस्थ होणे हीच एक प्रतिष्ठा होऊन बसते. पुस्तकाला पुरस्कार मिळतो, परिसंवाद होतात, ते अभ्यासक्रमात लागते आणि मग परीक्षेत प्रश्न येतो, 'फकिराचे स्वभावचित्र रेखाटा'. दहा गुणांचे उत्तर लिहिले जाते आणि ज्या हिशेबासाठी पुस्तक लिहिले गेले तो तसाच राहतो. अशा रीतीने समाज अस्वस्थ करणाऱ्या पुस्तकालाही पचवतो. पूर्वी तो ते दडपून पचवत असे, आता गौरवून पचवतो. अश्रूंची पावती आणि गुणांची पावती यांत मग फारसा फरक उरत नाही.

मग वाचकाने करावे काय? पुस्तक वाचून कोणी लगेच चळवळ उभी करील, अशी अपेक्षा भाबडी आहे. क्रांती पुस्तकाने होत नाही. ती माणसे करतात, आणि ज्यांना आपल्या स्थितीत काही खटकते तीच माणसे ती करतात. म्हणून पुस्तकाने दिलेली बोच लवकर बुजू न देणे, हे वाचकाचे पहिले काम होय. दुसरे काम त्याहून साधे आहे. पुस्तकातला प्रश्न पुस्तकात न ठेवता गावात आणावा. 'फकिरा' वाचली असेल, तर आपल्या गावात पूर्वी हजेरी कोठे होत असे, कोणाची होत असे, हे जुन्या माणसांच्या आठवणींतून शोधावे. 'तराळ-अंतराळ' वाचले असेल, तर वतनाच्या जमिनींचे पुढे काय झाले, त्या आज कोणाच्या नावावर आहेत, हे तलाठ्याच्या दप्तरात पाहावे. 'उपरा' वाचले असेल, तर गावाबाहेर पालात उतरलेल्या कुटुंबातली मुले आज कोणत्या शाळेत जातात, हे त्या पालापर्यंत चालत जाऊन विचारावे. आणि ज्यांच्यावर ही पुस्तके लिहिली गेली त्या घरांतली माणसे गावच्या वाचनालयात येतात काय, येत असतील तर कोठे बसतात, हेही पाहावे.

सरकारने लिहिलेला कायदा अन्यायाचा असेल तर तो मानण्याचे बंधन प्रजेवर नाही, हे कुंडलने 1943 साली महाराष्ट्राला दाखवले. चावडीवरचा सरकारी अधिकार या भागातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी मोडून काढला. परंतु त्याच चावडीवर, त्यांच्या कितीतरी आधीपासून, दुसरी काही माणसे रोज हजेरीला उभी राहत होती. चावडीचा इतिहास सांगताना पहिली गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. दुसरीही सांगितली जाईपर्यंत ही पुस्तके वाचकाला स्वस्थ बसू देणार नाहीत, आणि तेच त्यांचे कार्य आहे.